घरातील मेश वाय-फायवर व्हिडिओ कॉलला होणाऱ्या विलंबाबाबत मागणीपत्र

प्रति,
१) विभागीय व्यवस्थापक, ब्रॉडबँड सेवा पुरवठादार कंपनी
२) अध्यक्ष व सचिव, व्यवस्थापन समिती, सहकारी गृहनिर्माण संस्था

महोदय,

आमची संघटना पुण्याच्या पश्चिम उपनगरातील या संकुलात राहणाऱ्या सदनिकाधारकांची आणि भाडेकरूंची आहे. घरून काम करणारे अभियंते व लेखापाल, ऑनलाइन शिकवणी घेणारे शिक्षक, परदेशातल्या विद्यार्थ्यांना गाणे शिकवणारे कलाकार, डॉक्टरांचा सल्ला पडद्यावरून घेणारे ज्येष्ठ नागरिक आणि खुणांच्या भाषेत बोलणारे कर्णबधिर सदस्य यांच्या वतीने हे मागणीपत्र देत आहोत. यापूर्वीच्या तक्रारी फोनवर, ॲपवर आणि समितीच्या कार्यालयातील वहीत नोंदवून झाल्या आहेत. उत्तरे तीनच आली: राउटर बंद करून पुन्हा चालू करा, वरचा प्लॅन घ्या, किंवा मेशचा, म्हणजे वाय-फाय खोल्याखोल्यांत पोहोचवणाऱ्या एकमेकांना जोडलेल्या राउटरांचा, आणखी एक डबा लावा. तिन्ही उपाय सदस्यांनी स्वतःच्या खर्चाने करून पाहिले. विलंब कायम आहे.

आतापर्यंतचा घोळ ज्यामुळे झाला, ती गोष्ट आधी स्पष्ट करतो. आमची तक्रार वेगाची नाही. चांगल्या प्रतीच्या व्हिडिओ कॉलला दीड ते चार एमबीपीएस पुरतात. सदस्यांच्या जोडण्या त्याच्या कितीतरी पट आहेत. वेगचाचणीत आकडा पूर्ण येतो आणि त्याच मिनिटाला कॉल अडखळतो, यात विसंगती काही नाही. मोठा साठा किती झपाट्याने उतरतो हे वेगचाचणी मोजते. कॉलमध्ये मात्र साधारण दर २० मिलिसेकंदांनी आवाजाचे एक छोटे पाकीट निघते आणि ते ठरल्या वेळी पोहोचावे लागते. उशिरा आलेले पाकीट ॲप टाकून देते. म्हणून १०० चा प्लॅन ३०० चा केल्याने हा दोष जात नाही, आणि तसा सल्ला देऊन सदस्यांकडून जादा पैसे घेणे अन्यायाचे आहे.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार एका बाजूचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत राहिला तर बोलणे सहज चालते, आणि ४०० च्या पुढचा विलंब जाळ्याच्या नियोजनात चालवून घेऊ नये. आता हिशेब पाहा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुण्याहून न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. केबल सरळ गेली असती तरी एका दिशेला ६० हून अधिक मिलिसेकंद निव्वळ प्रवासात जातात, आणि समुद्राखालच्या केबलला वळसे घ्यावेच लागतात. कॅमेरा, संगणक आणि ॲप यांचा वाटा वेगळा. यातून घरासाठी फार थोडे उरते. समुद्र आम्ही कमी करायला सांगत नाही. दिवाणखान्यापासून बेडरूमपर्यंतच्या तीस फुटांत जे मिलिसेकंद वाया जातात, ते वाचवायला सांगतो, कारण ते वाचवता येतात.

या मिलिसेकंदांचे काय होते, हे ज्यांच्या घरात रोज कॉल होतात त्यांना ठाऊक आहे. दोघे एकाच वेळी बोलू लागतात, दोघेही थांबतात, पुन्हा दोघेही बोलू लागतात. मुलाखतीत उशिरा पोहोचलेले उत्तर उमेदवाराचे अडखळणे म्हणून नोंदले जाते. शिकवणीत मुलाने विचारलेली शंका शिक्षक पुढच्या गणितावर गेल्यावर ऐकू येते. खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या सदस्याचे चित्र थांबले की वाक्यच नाहीसे होते. त्याला आवाजाचा आधार नसतो. गाणे शिकवणाऱ्या सदस्यांनी स्वतःहून सांगितले आहे की तबल्याच्या ठेक्यावर गुरू-शिष्यांनी समुद्रापार एकत्र गाणे शक्य नाही आणि ते मागतही नाहीत. शिष्याची तान तुटक न येता सलग ऐकू यावी, एवढीच त्यांची अपेक्षा आहे.

पहिली मागणी मोजणीची आहे, कारण दोष कुठे आहे हे ठरल्याशिवाय जबाबदारी ठरत नाही. आज कंपनी मेशकडे बोट दाखवते, मेशचा विक्रेता कंपनीकडे, आणि समिती दोघांकडे. तक्रार आल्यावर कंपनीच्या टेक्निशियनने तीन ठिकाणी विलंब मोजावा: फायबरच्या डब्याला, म्हणजे ओएनटीला, लॅपटॉप केबलने थेट जोडून; मुख्य मेश राउटरशेजारी वाय-फायवर; आणि सदस्य प्रत्यक्ष जिथे बसून कॉल करतो त्या खोलीत. प्रत्येक ठिकाणी किमान पाच मिनिटे, एकदा जोडणी मोकळी असताना आणि एकदा मोठी फाइल अपलोड होत असताना. वेळ रात्री ८ ते ११ मधली असावी. सकाळी अकराला येऊन सर्व ठीक असल्याचा शेरा मारला तर रात्रीच्या गर्दीचा पत्ताच लागत नाही. आकडे लेखी द्यावेत. सरासरीबरोबर सर्वांत वाईट पाच टक्के पाकिटांचा विलंबही त्यात असावा, कारण कॉल सरासरीने तुटत नाही.

पहिल्या ठिकाणी विलंब दिसला तर जबाबदारी कंपनीची. पहिल्या ठिकाणी ठीक आणि तिसऱ्या ठिकाणी वाईट असेल तर दोष घरातल्या रचनेचा. ही कसोटी सदस्यांनाही बांधील राहील, हे आम्ही लिहून देतो.

कंपनीच्या भागासाठी आमच्या मर्यादा अशा: जोडणी मोकळी असताना ओएनटीपासून मुंबईच्या इंटरनेट एक्सचेंजपर्यंत जाऊन-येऊन विलंब २० मिलिसेकंदांच्या आत, आणि पाकिटांची गळती १ टक्क्याच्या आत. पुणे-मुंबई अंतर दीडशे किलोमीटरचे आहे. तेवढ्या फायबरमध्ये जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद लागतो. केबल फिरून गेली आणि मधल्या उपकरणांचा वेळ धरला तरी २० ही मर्यादा सैल आहे, कडक नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवा-गुणवत्तेचे विनियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहेत. विलंब आणि पाकिटांची गळती हे त्यांतले मोजण्याचे निकष आहेत, तेव्हा ही मागणी कंपनीला नवी वाटण्याचे कारण नाही.

अपलोडच्या रांगेचा प्रश्न सर्वांत जास्त घरांत आहे आणि सर्वांत कमी बोलला जातो. घरातल्या एका फोनने फोटोंचा बॅकअप सुरू केला की राउटर सगळी पाकिटे एका रांगेत घेतो आणि कॉलचे पाकीट त्या रांगेच्या शेवटी उभे राहते. अपलोडचा वेग २० एमबीपीएस आणि रांगेत एक मेगाबाइट साठलेला असेल, तर नुसत्या रांगेतच ४०० मिलिसेकंद जातात. जी.११४ ने घालून दिलेली कमाल मर्यादा इथे घराच्या उंबरठ्यावरच संपली. जाळ्यांवर काम करणारे याला बफरब्लोट म्हणतात. त्यावरचा उपाय जुना, सिद्ध आणि फुकट उपलब्ध आहे: एफक्यू-कोडेल ही रांग आवरण्याची पद्धत २०१८ मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झाली, आणि केक ही तिची पुढची आवृत्ती अनेक राउटरांत चालते. कंपनीने स्वतः दिलेल्या राउटरांत ही सोय चालू करून द्यावी. ज्या राउटरांत ती नाही, ते पुढील करार नूतनीकरणाच्या वेळी विनाशुल्क बदलावेत. कसोटी: अपलोड पूर्ण भरलेले असताना विलंब मोकळ्या वेळेपेक्षा ३० मिलिसेकंदांहून अधिक वाढू नये. रांग आवरण्यासाठी कमाल वेगातला पाच ते दहा टक्के भाग सोडावा लागला तर सदस्यांना तो मान्य आहे. आकडा थोडा कमी दिसेल, कॉल मात्र नीट चालेल.

ओएनटीवर कंपनीने स्वतःचे कुलूप ठेवले आहे. त्याचा वाय-फाय चालूच राहतो, आणि सदस्याने घेतलेली मेश व्यवस्था त्याच्याच शेजारी, बहुधा त्याच वाहिनीवर, लढत बसते. एका घरात दोन राउटर पत्ते वाटतात. थेट दोन व्यक्तींमधला कॉल त्यामुळे काही वेळा लांबच्या मधल्या सर्व्हरवरून वळवला जातो. सदस्याने लेखी मागितल्यावर तीन कामकाजी दिवसांत ओएनटी ब्रिज मोडवर, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता जोडणी फक्त पुढे देणारा, करून द्यावा आणि त्याचा वाय-फाय बंद करावा. ब्रिज मोड दिला तर लँडलाइन बंद पडेल, हे कारण आम्ही स्वीकारत नाही. फोनची सेवा ओएनटीवर वेगळ्या मार्गाने चालू ठेवता येते आणि देशात अनेक ठिकाणी तशी चालते.

आता मेशच्या रचनेविषयी. मेशचे डबे बसवताना होणारी चूक जवळपास प्रत्येक घरात सारखीच आहे: जिथे सिग्नल पोहोचत नाही त्याच खोलीत दुसरा डबा ठेवला जातो. तिथे त्या डब्यालाही सिग्नल मिळत नाही. फोन मात्र पूर्ण दांड्या दाखवतो, कारण त्या दांड्या फोन आणि डब्यामधल्या सिग्नलच्या असतात, डबा आणि मुख्य राउटर यांच्यामधल्या नव्हेत. शिवाय डबे एकमेकांशी त्याच वाहिनीवर बोलत असतील तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते. तिसरा डबा दुसऱ्याला जोडला असेल तर तीनदा. वाय-फायमध्ये एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे असते, त्यामुळे डबे वाढवले की गर्दीही वाढते. ‘आणखी एक डबा लावा’ हा सल्ला अनेक घरांत विलंब वाढवणारा ठरला, त्याचे कारण हे.

म्हणून कंपनीने किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याने मेश बसवून दिल्यास तीन अटी पाळाव्यात. दुसरा डबा मुख्य डब्यापासून अर्ध्या वाटेवर ठेवावा आणि तिथे मुख्य डब्याचा सिग्नल उणे ६५ डीबीएमपेक्षा कमजोर नसावा. एकामागे एक साखळी न करता प्रत्येक डबा थेट मुख्य डब्याला जोडावा. आणि जिथे केबल नेणे शक्य आहे तिथे डबे केबलनेच जोडावेत. केबलवर हा टप्पा एका मिलिसेकंदाहून कमी वेळात पार पडतो. केबल शक्य नसेल तर डब्यांच्या आपसांतल्या बोलण्यासाठी स्वतंत्र रेडिओ असलेले, म्हणजे ट्राय-बँड, उपकरण सुचवावे आणि विक्रीपूर्वी हा फरक ग्राहकाला समजावून सांगावा. काम पूर्ण झाले असे म्हणण्यासाठी कॉलच्या खोलीपासून मुख्य राउटरपर्यंतचा विलंब ९५ टक्के पाकिटांसाठी १० मिलिसेकंदांच्या आत असला पाहिजे.

केबलच्या मुद्द्यावर व्यवस्थापन समितीची जबाबदारी सुरू होते. आपल्या इमारती मायवान पद्धतीच्या आहेत. ॲल्युमिनियमच्या साच्यात सगळ्या भिंती एकदम ओतलेल्या; आतल्या भिंतीही विटांच्या नसून सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या. अशा दोन भिंती ओलांडताना ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जवळपास संपतो, आणि २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. वरच्या, खालच्या आणि शेजारच्या घरांत मिळून त्या तीन वाहिन्यांवर किती राउटर ओरडत असतात याची कल्पना कोणीही आपल्या फोनवर वाय-फायची यादी उघडून करून घ्यावी. केबलचा रस्ता मिळाला नाही तर या इमारतींत मेश सहसा चांगली चालत नाही, इतके हे सरळ आहे.

भिंती फोडण्याची परवानगी आम्ही मागत नाही. त्या भार वाहणाऱ्या आहेत हे आम्हांला कळते. समितीने सदनिकेच्या आत छताच्या किंवा स्कर्टिंगच्या कडेने केसिंग पट्टीतून कॅट-६ केबल नेण्यास सरसकट परवानगी द्यावी. प्रत्येक वेळी अर्ज, अनामत आणि समितीच्या बैठकीची वाट पाहणे बंद व्हावे. भिंतीतून आरपार जाण्यासाठी १२ मिलिमीटरपर्यंतचे भोक कुठे चालेल आणि कुठे नाही, याचा एकच नमुना-आराखडा संस्थेच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्रत्येक सदनिका-प्रकारासाठी करून घ्यावा. हा खर्च एकदाच होईल आणि सर्वांच्या उपयोगाचा असल्याने तो संस्थेच्या निधीतून व्हावा. घरातली केबल आणि मजुरी ज्याची त्याने द्यावी. यापेक्षा न्याय्य वाटणी आम्हांला सुचलेली नाही.

ज्या विंगमध्ये कंपनीचा स्विच शाफ्टमध्ये बसवला आहे, तिथे वीज गेली की जनरेटर लागेपर्यंतचे काही सेकंद पुरतात. लिफ्ट परत सुरू होते, स्विच मात्र नव्याने उठायला काही मिनिटे घेतो आणि सगळ्या मजल्यांचे कॉल एकदम तुटतात. हा स्विच संस्थेच्या जनरेटरच्या अत्यावश्यक लाइनवर घ्यावा आणि कंपनीने त्याला किमान अर्ध्या तासाचा यूपीएस द्यावा. घरातल्या राउटरचा छोटा यूपीएस सदस्य स्वतः घेतील.

एकाच कंपनीला संकुलात प्रवेश देण्याची पद्धत समितीने थांबवावी. शाफ्टमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या पुरवठादाराला समान अटींवर जागा द्यावी. ज्या ग्राहकाला दुसरीकडे जाण्याचा पर्याय नाही त्याची तक्रार कोणी मनावर घेत नाही, हे आम्ही अनुभवले आहे. इमारतींच्या डिजिटल जोडणीला मानांकन देण्याचे विनियम नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये काढले. आज ना उद्या घर विकत किंवा भाड्याने घेणारा हा प्रश्न विचारणार आहे.

तक्रारीच्या व्यवहाराबद्दल मागणी थोडक्यात अशी. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळावा. सदस्याने आपल्या फोनवर आलेला संकेतांक दिल्याशिवाय तक्रार ‘निवारण झाले’ म्हणून बंद होऊ नये. वर मागितलेले मोजणीचे आकडे त्या क्रमांकाखाली ॲपमध्ये दिसावेत. एकाच कारणाने तीस दिवसांत तिसरी तक्रार आली तर ती फोनवरच्या प्रतिनिधीकडे न जाता थेट नेटवर्क अभियंत्याकडे जावी. आणि कंपनीच्या बाजूचा दोष सिद्ध झाल्यावर तो दुरुस्त होईपर्यंतच्या दिवसांचे शुल्क पुढच्या बिलात वळते करावे.

सदस्य स्वतः काय करणार, हेही मांडतो. फोटो आणि फाइलींचे बॅकअप रात्री ११ नंतर लावले जातील. जागचे हलत नाहीत ते टीव्ही आणि डेस्कटॉप केबलवर घेतले जातील, म्हणजे हवा कॉलसाठी मोकळी राहील. ५ गिगाहर्ट्झवर वाहिनीची रुंदी ८० ऐवजी ४० मेगाहर्ट्झ ठेवली जाईल. तेवढ्याच जागेत दुप्पट वाहिन्या बसतात आणि कॉलला ४० पुरेशी आहे. २.४ वर कोणीही २० च्या वर जाणार नाही. आमचे स्वयंसेवक मजलावार वाहिन्यांची नोंदवही ठेवतील, जेणेकरून वरखालची घरे एकाच वाहिनीवर येणार नाहीत. लॅपटॉप लांबच्या डब्याला चिकटून राहतो ही तक्रार अनेकदा जुन्या वाय-फाय कार्डामुळे असते. तशा प्रकरणांत आम्ही कंपनीकडे भरपाई मागणार नाही. टेक्निशियनला रात्रीची वेळ देण्याची आणि त्या वेळी घरात जबाबदार माणूस हजर ठेवण्याची हमी संघटना देते.

मुदती पुढीलप्रमाणे आहेत. या पत्राचे लेखी उत्तर १५ दिवसांत. मोजणीची पद्धत आणि ब्रिज मोडची सोय ३० दिवसांत सुरू. राउटरांतली रांग आवरण्याची सोय आणि शाफ्टमधल्या स्विचचा यूपीएस ६० दिवसांत. केसिंग पट्टीच्या परवानगीचे परिपत्रक समितीने ३० दिवसांत काढावे. इंजिनिअरच्या आराखड्याचा खर्च आणि अन्य पुरवठादारांच्या प्रवेशाचा विषय ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा. ठरावाचा मसुदा आम्ही सोबत जोडत आहोत.

कंपनीकडून मुदतीत उत्तर न आल्यास सदस्य २०१२ च्या तक्रार निवारण विनियमांप्रमाणे आधी तक्रार केंद्राकडे आणि मग अपील प्राधिकाऱ्याकडे जातील. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगापुढे चालू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे. तो मार्गही सदस्यांना खुला आहे आणि त्यासाठीच्या मोजणीच्या नोंदी आम्ही आजपासून ठेवत आहोत. समितीकडून विषय सभेपुढे आला नाही, तर सभासद उपविधींनुसार विशेष सर्वसाधारण सभेची लेखी मागणी करतील.

चर्चेसाठी संघटनेचे तीन प्रतिनिधी कोणत्याही कामकाजी दिवशी संध्याकाळी ७ नंतर उपलब्ध आहेत. चर्चेत ठरलेल्या प्रत्येक गोष्टीवर दिनांक, जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात.

आपले,
अध्यक्ष व सचिव
संघटनेच्या सर्व सदस्यांच्या वतीने